टीव्ही कुठल्या दुकानातून घ्यायचा? – अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांची एक उजळणी



दिवाळीचा कार्यक्रम आटोपला की थँक्सगिव्हिंगपर्यंतच्या दोन-चार आठवड्यांत कार्यकारिणीच्या मंडळींना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "टीव्ही घ्यायचाय, कुठल्या दुकानातून घेऊ?" विचारणारे बहुधा नव्यानेच आलेले असतात. अपार्टमेंटमध्ये गादी अजून जमिनीवर, पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून भिंतीवर टीव्ही आधी हवा! संपादकांनी मला फर्मावले, तू केमिस्ट, तुला तक्ते करायची सवय आहे, तेव्हा दुकानांचा एक तुलनात्मक तक्ता करून दे. मी कागद घेऊन बसलेही. पण भावाचा तक्ता झेरॉक्स होऊन, घड्या पडून तुमच्या टपालपेटीत येईपर्यंत शिळा झालेला असतो. दुकानाचा स्वभाव मात्र इतक्या लवकर बदलत नाही. तो स्वभाव ठरतो ते दुकान पैसे नेमके कुठे कमावते त्यावरून. आणि हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते, बंद पडलेल्या दुकानांकडेही.

सुरुवात आपल्याच लोकांपासून करू. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे डॉक्टर, इंजिनियर इकडे आले त्यांची इलेक्ट्रॉनिक्सची मोठी खरेदी पुष्कळदा स्वतःसाठी नसायची, ती भारतात न्यायची असायची. इथली वीज ११० व्होल्टची, तिकडची २२०. इथला टीव्ही ५२५ रेघांचा एनटीएससी, तिकडचा ६२५ रेघांचा पाल. भारतात रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने आला आणि मग मल्टी-सिस्टिम टीव्ही, मल्टी-सिस्टिम व्हीसीआर हे शब्द प्रत्येक घरच्या यादीत आले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर 'सॅम अँड राज' हे दुकान १९७० च्या दशकात सुरू झाले ते नेमक्या याच गरजेवर. तिथे २२० व्होल्टची उपकरणे मिळत. आजूबाजूला साड्या आल्या, मिठाई आली, सोने आले आणि तो रस्ता देशी बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडच्या बाजारपेठेच्या जन्माशी मिक्सर आणि व्हीसीआर यांचा असा संबंध आहे हे अनेकांना माहीत नसते.

(जाता जाता: व्होल्टेज दुप्पट झाले की त्याच तारेतून निर्माण होणारी उष्णता चौपट होते. म्हणून इथली इस्त्री तिकडे लावली की जळते आणि तिकडून आणलेला मिक्सर इथे इडलीच्या पिठाला घरघर करत बसतो. ट्रान्सफॉर्मर घेताना वॅटचा आकडा पाहा, फक्त भाव पाहू नका.)

पण 'सॅम अँड राज'सारखी दुकाने आपल्यापुरती. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी जी साखळी दुकाने वाढली त्यांच्यामागे एक कायदा होता, खरे तर एका कायद्याचे रद्द होणे होते. १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने उत्पादकांना ज्या राज्यांत तशी परवानगी होती तिथे किरकोळ विक्रीची किमान किंमत ठरवून देता येत असे. नाव गोंडस होते, 'फेअर ट्रेड'! म्हणजे कंपनीने स्टिरिओची किंमत ठरवली की दुकानदाराने त्याखाली विकायचा नाही. १९७५ मध्ये काँग्रेसने ही सवलत काढून घेतली आणि भाव पाडून विकणे सगळीकडे राजरोस झाले. यानंतरची पंधरा-वीस वर्षे म्हणजे भावयुद्धाची वर्षे.

त्या युद्धातला सर्वांत गाजलेला सेनापती आपल्या परिसरातलाच. ब्रुकलिनचा एडी अंतार, 'क्रेझी एडी'वाला. फेअर ट्रेड कायदा चालू असतानाच तो ठरलेल्या किमतीखाली विकायचा. गिऱ्हाईक काही न घेता निघाले तर जाऊ नये म्हणून त्याचा एक बूट काढून ठेवायचा अशी दंतकथा आहे. रेडिओवरचा निवेदक जेरी कॅरल हातवारे करत ओरडायचा की याचे भाव वेडेपणाचे आहेत. अशा हजारो जाहिराती त्याने केल्या. ज्येष्ठ सभासदांना विचारा, ते अजून नक्कल करून दाखवतील. कंपनीची कचेरी पुढे एडिसनलाच होती, ओक ट्री रोडपासून काही फार लांब नाही.

क्रेझी एडी स्वस्त कसा देत होता, याचे उत्तर नंतर कोर्टात मिळाले. रोख विक्रीतला काही भाग वहीत लिहिलाच जात नसे. त्यावरचा विक्रीकर गिऱ्हाइकाकडून घेतला जाई, सरकारला भरला जात नसे. ती रक्कम घरातच राही. मग १९८४ मध्ये शेअर बाजारात उतरायचे ठरले तेव्हा कुटुंबाने एक चलाख गोष्ट केली: चोरी हळूहळू कमी केली! चोरी कमी झाली की वहीतला नफा आपोआप वाढताना दिसतो, आणि गुंतवणूकदारांना वाटते काय झपाट्याने वाढणारी कंपनी आहे. ज्याने कोणी प्रयोगशाळेत बेसलाइन सरकवून आलेख सुंदर केलेला पाहिला असेल त्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. नंतर गोदामातला माल फुगवून मोजला गेला. १९८७ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली तेव्हा नव्या मालकांना कोट्यवधी डॉलरचा माल फक्त कागदावर सापडला. १९८९ मध्ये दिवाळखोरी. अंतार इस्रायलला पळाला, १९९२ मध्ये पकडला गेला, १९९३ मध्ये परत आणला गेला, तुरुंगात गेला आणि २०१६ मध्ये वारला. या प्रकरणावरून मी एवढेच सांगेन की 'रोख दिलेत तर टॅक्स नाही' असे म्हणणारा दुकानदार आजही भेटला तर पावती मागा. पावती नसेल तर वॉरंटीही नसते.

आता मुख्य जोडीकडे येते, 'सर्किट सिटी' आणि 'बेस्ट बाय'. या दोघांची तुलना केली की दुकानदारीचे जवळपास सगळे धडे होतात.

सर्किट सिटीचा संस्थापक सॅम्युएल वर्ट्झेल. १९४९ मध्ये तो व्हर्जिनियातल्या रिचमंडला न्हाव्याकडे केस कापायला बसला असताना दक्षिणेतले पहिले टीव्ही केंद्र इथे येत असल्याची बातमी त्याला मिळाली. केंद्र आले म्हणजे लोकांना टीव्ही लागणार! त्याने दुकान काढले आणि कुटुंबातल्या नावांची आद्याक्षरे जुळवून 'वॉर्ड्स' असे नाव दिले. १९७० च्या दशकाच्या मध्याला कंपनी बुडायला आली होती. मुलगा अॅलन याने ती सावरली, नको ते धंदे विकले, मोठ्या गोदामवजा दुकानाचा प्रयोग केला आणि १९८४ मध्ये कंपनीचे नाव सर्किट सिटी झाले. १९८० चे दशक या कंपनीचेच होते. लालसर रंगाचे, विजेच्या प्लगसारखे दार असलेले ते दुकान पुष्कळांना आठवत असेल. मी २०११ मध्ये पीएच.डी.साठी इकडे आले तोवर कंपनी बुडून दोन वर्षे झाली होती, पण प्लगच्या आकाराची ती रिकामी इमारत हायवेवर उभी होती. त्यात पुढे जिम आले.

सर्किट सिटीची पद्धत अशी होती की माल मागे गोदामात, पुढे फक्त नमुने, आणि मध्ये कमिशनवर काम करणारा विक्रेता. हा विक्रेता बहुधा हुशार असे. टीव्हीची नळी कुठल्या कंपनीची, कुठल्या व्हीसीआरला चार हेड आहेत आणि त्याने काय फरक पडतो, हे त्याला ठाऊक असायचे. पण त्याचे पोट तुम्ही काय घेता यावर असायचे. मंडळातले एक ज्येष्ठ काका १९८० च्या दशकात शनिवार-रविवारी अशाच एका दुकानात काम करत. दुकानाचे नाव लिहू नकोस असे त्यांनी मला बजावले आहे. त्यांनी मला 'स्पिफ' हा शब्द शिकवला. एखादे मॉडेल पडून राहिले की उत्पादक किंवा दुकान विक्रेत्याला त्या मॉडेलमागे वरकड बक्षीस देते, ते स्पिफ. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. "अगं, लोक मला विचारायचे, तुमच्या घरी कुठला आहे? मी म्हणायचो हाच. घरी तर टीव्हीच नव्हता!" काका हसून सांगतात. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "टीव्ही विकून गॅसचे पैसे सुटायचे. वॉरंटी विकून अपार्टमेंटचं भाडं निघायचं."

आता दुसरीकडे पाहा. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये रिचर्ड शुल्झ याने १९६६ मध्ये घरावर दुसरे कर्ज काढून 'साउंड ऑफ म्युझिक' नावाचे स्टिरिओचे दुकान काढले. १४ जून १९८१ रोजी रोझव्हिलला चक्रीवादळ झाले आणि त्याच्या सर्वांत चालणाऱ्या दुकानाचे छप्पर उडाले. मागच्या गोदामातला माल मात्र वाचला. शुल्झने उरलेला माल पार्किंगमध्ये मांडला, जाहिरातीचे पैसे एकदम खर्चून 'टोर्नेडो सेल' लावला आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. लोकांना गालिचे, मंद दिवे, सूटमधला विक्रेता यांतले काही नको होते. खोके उघड्यावर आणि भाव स्पष्ट लिहिलेला, एवढे पुरले. १९८३ मध्ये दुकानाचे नाव 'बेस्ट बाय' झाले.

खरी उडी १९८९ मधली. बेस्ट बायने कमिशन बंद केले. विक्रेत्यांना पगार, माल सगळा दुकानात मांडलेला, खोके उचला, गाडीत ठेवा, किराणा घेतल्यासारखे काउंटरवर पैसे द्या. यावर धंद्यातल्या लोकांनी मान हलवली. काही उत्पादकांनाही ते रुचले नाही, कारण महागडा माल समजावून विकणारा माणूस गेला की महागडा माल विकला जात नाही असा त्यांचा अनुभव होता. पण १९९० च्या दशकात गिऱ्हाइकाने आपला निकाल दिला. दशकाच्या मध्यानंतर विक्रीत बेस्ट बाय सर्किट सिटीच्या पुढे गेली. वाट सरळ नव्हती हेही सांगायला हवे. १९९६ च्या ख्रिसमसला नव्या चिपचे कॉम्प्युटर येणार या बातमीने जुन्या पेंटियमचा साठा अंगावर पडला आणि त्या वर्षी नफा जवळजवळ उरलाच नाही. स्वस्त विकणाऱ्या दुकानाला चुकीला फार कमी जागा असते.

मला स्वतःला या दोन पद्धतींत सरळ चांगले-वाईट करता येत नाही. कमिशनवाला तुम्हाला गळ घालतो हे खरे, पण त्याला माल माहीत असतो, कारण माहीत असल्याशिवाय त्याचे घर चालत नाही. पगारी पोरगा गळ घालत नाही, पण पुष्कळदा डब्यावर जे लिहिले आहे तेच वाचून दाखवतो. नव्या माणसाला दोन्हीकडे स्वतःचा अभ्यास करूनच जावे लागते.

सर्किट सिटीचे पुढे काय झाले ते नोंदवण्यासारखे आहे, कारण ते एका दिवसात झाले नाही. १९९३ मध्ये कंपनीने जुन्या गाड्यांचे 'कारमॅक्स' काढले, घासाघीस नाही, भाव एकच. ही कल्पना इतकी चांगली निघाली की २००२ मध्ये वेगळी झालेली कारमॅक्स आजही चालू आहे, आणि तिला जन्म देणारी आई गेली. १९९८ मध्ये 'डिव्हेक्स' आणले. ही डिस्क साडेचार-पाच डॉलरना घ्यायची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास पाहायची, मग पुन्हा पैसे भरायचे आणि यंत्राला टेलिफोनची तार जोडून ठेवायची! वर्षभरात, १९९९ च्या जूनमध्ये ते गुंडाळावे लागले, आणि दहा कोटींहून अधिक डॉलर बुडाले. २००० मध्ये फ्रिज, धुलाई यंत्रे विकणे बंद केले, जेव्हा त्या धंद्यात सीअर्सच्या खालोखाल यांचाच नंबर होता. गंमत अशी की २००१ मध्ये जिम कॉलिन्सचे 'गुड टू ग्रेट' हे पुस्तक आले, त्यात आदर्श म्हणून निवडलेल्या अकरा कंपन्यांत सर्किट सिटी होती.

मग फेब्रुवारी २००३. कंपनीने कमिशन बंद केले आणि सर्वाधिक कमावणाऱ्या सुमारे ३,९०० विक्रेत्यांना काढले. मार्च २००७ मध्ये आणखी ३,४०० लोक. या वेळी कारण उघडपणे सांगितले गेले: यांचा पगार बाजारभावापेक्षा जास्त आहे. काम वाईट आहे असे कोणी म्हणाले नाही. दहा आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करायची मुभा होती! बेस्ट बायने १९८९ मध्ये कमिशन काढले तेव्हा दुकानाची सगळी मांडणी बदलली होती. सर्किट सिटीने मांडणी बरीचशी तीच ठेवली आणि ती चालवणारी माणसे काढली. गिऱ्हाईक आले, विचारायला कोणी नव्हते, निघून गेले. १० नोव्हेंबर २००८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज, १६ जानेवारी २००९ रोजी सगळे विकून टाकण्याचा निर्णय, ८ मार्च २००९ रोजी शेवटची दुकाने बंद. ५६७ दुकाने आणि ३० हजारांहून अधिक माणसे. त्या वर्षीची मंदी होतीच, पण तीच मंदी बेस्ट बायवरही आली होती. अॅलन वर्ट्झेलने पुढे २०१२ मध्ये स्वतःच या सगळ्यावर पुस्तक लिहिले; कॉलिन्सच्या पुस्तकाच्या नावापुढे 'टू गॉन' जोडून त्याने ग्रंथाचे नाव ठेवले आहे. बापाने उभे केलेले, आपण वाढवलेले दुकान बुडाल्यावर इतक्या परखडपणे लिहिणे सोपे नसावे.

बाकीच्यांचे थोडक्यात. 'रेडिओशॅक' १९२१ ची, बॉस्टनची. १९६३ मध्ये टेक्सासच्या चार्ल्स टँडीने घेतली. या माणसाचा मूळ धंदा चामड्याचा. आपल्या नावाचा माल बनवून घ्यायचा आणि गल्लोगल्ली दुकान काढायचे, ही त्याची रीत. १९७७ चा टीआरएस-८० कॉम्प्युटर यांचाच. दोन बॅटऱ्या घ्यायला गेले तरी तुमचा फोन नंबर विचारत, ही सवय २००२ मध्ये सोडली. २०१५ आणि २०१७ मध्ये दिवाळखोरी. रेझिस्टर, डायोड सुटे मिळायची सोय गेली, याचे मला खरेच वाईट वाटते. लॅमिंग्टन रोडची आठवण करून देणारे हे इथले एकच दुकान होते. कॅलिफोर्नियातल्या मंडळींचे 'फ्राइज' १९८५ मध्ये सनीव्हेलला निघाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये रातोरात बंद झाले. 'द विझ' २००३ मध्ये गेले, 'जे अँड आर' २०१४ मध्ये. 'पी. सी. रिचर्ड' मात्र १९०९ पासून आहे. एका डच स्थलांतरिताने ब्रुकलिनमध्ये काढलेले, अजून घराण्याकडेच असलेले दुकान. फ्रिज, धुलाई यंत्र घ्यायचे असेल तर तिथे चक्कर मारून या, आणि भाव कमी कराल का हे विचारायला लाजू नका.

वॉरंटीबद्दल वेगळे लिहिते, कारण आपल्या लोकांचे पैसे इथेच जास्त जातात. डिसेंबर २००४ मध्ये 'बिझनेस वीक'ने विश्लेषकांच्या हवाल्याने लिहिले होते की एक्स्टेंडेड वॉरंटीतून येणारा नफा हा सर्किट सिटीच्या धंद्यातल्या सगळ्या नफ्याइतका आणि बेस्ट बायच्या निम्म्या नफ्याइतका आहे. याचा अर्थ नीट पाहा. सर्किट सिटी टीव्ही विकून काहीच कमवत नव्हती! टीव्ही हे आमिष होते, वॉरंटी हा माल. गेल्या वर्षी ओळखीच्या एका नव्या जोडप्याला एका दुकानात (नाव घेत नाही) टीव्हीसोबत पाच वर्षांची वॉरंटी, सोन्याचा मुलामा दिलेली केबल आणि भिंतीवर बसवायची सेवा असे मिळून टीव्हीच्या निम्म्या किमतीचे बिल जोडले. सोनेरी केबलबद्दल केमिस्ट म्हणून सांगते: सोने गंजत नाही, म्हणून जोडणीवर ते चांगले. पण एचडीएमआयमधून आकडे जातात, आणि ते एकतर पोचतात नाहीतर पोचत नाहीत. आठ डॉलरच्या केबलमधून पोचलेले चित्र ऐंशी डॉलरच्या केबलपेक्षा फिके दिसत नाही.

उत्पादकाची वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते, ती फुकट असते. पुष्कळ क्रेडिट कार्डे त्यावर वर्षभर वाढवून देतात. आपल्या कार्डाचे कागद काढून वाचा. कॉस्टको टीव्हीवर दुसऱ्या वर्षाची हमी स्वतः देते आणि ९० दिवसांत परत घेते. पूर्वी तिथे इलेक्ट्रॉनिक्स परत करायला मुदतच नव्हती. लोक चार वर्षे वापरलेला टीव्ही परत देऊन नवा नेऊ लागले तेव्हा २००७ मध्ये ९० दिवसांचे बंधन आले. (आपल्यापैकी कोणी तो उद्योग केला होता का, हे विचारू नका असे खजिनदारांनी मला सांगितले आहे.) कॉस्टकोचा नफा मुख्यतः सभासदांच्या वर्गणीतून येतो, म्हणून तिला तुम्हाला केबल गळ्यात मारायची गरज कमी. निवड मात्र थोडी असते.

आज देशभर पसरलेली इलेक्ट्रॉनिक्सचीच अशी मोठी साखळी बेस्ट बाय एकटी उरली आहे. तीही २०१२ मध्ये संपणार असे सगळे म्हणत होते. लोक दुकानात येऊन टीव्ही पाहायचे आणि घरी जाऊन अॅमेझॉनवरून मागवायचे. त्यावर्षी आलेल्या ह्युबेर जोली या फ्रेंच माणसाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे इतरांच्या भावाशी भाव जुळवून द्यायला सुरुवात केली. दुसरी म्हणजे २०१३ पासून सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानातच आपला कोपरा थाटू दिला. म्हणजे दुकान आपल्या जागेचे पैसे उत्पादकाकडूनही मिळवू लागले. तुम्ही त्या कोपऱ्यात उभे राहून "सगळ्यात चांगला कुठला?" असे विचारलेत तर उत्तर काय येईल ते सांगायला नको. काकांचे स्पिफ गेले, पण त्याचे कुळ शिल्लक आहे. शिवाय आता दुकानाची सशुल्क सभासद योजना आहे. साध्या गिऱ्हाइकाला परतफेडीला १५ दिवस, पैसे भरणाऱ्याला ६०. टीव्ही आणून आई-बाबा येईपर्यंत खोके न उघडता ठेवू नका.

भाव जुळवण्याची एक मेख जुनीच आहे. सर्किट सिटी जाहीर करायची की दुसरीकडे कमी भाव दिसला तर फरकाच्या ११० टक्के परत देऊ. पण मॉडेल क्रमांक तोच हवा! उत्पादक वेगवेगळ्या साखळ्यांसाठी थोडे बदललेले क्रमांक देतात, एखादे अक्षर इकडे-तिकडे, मागची एखादी जोडणी कमी. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये तर खास त्या दिवसापुरती बनवलेली मॉडेल्स असतात. तेव्हा जाहिरातीतला पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट, आणि मागे एचडीएमआयची किती भोके आहेत ती मोजा.

विक्रीकराबद्दल: १९९२ च्या क्विल निकालामुळे ज्या दुकानाची तुमच्या राज्यात शाखा नाही त्याला कर गोळा करणे भाग नव्हते, म्हणून टपालाने मागवलेला माल स्वस्त पडायचा. २०१८ च्या वेफेअर निकालाने ते संपले. आता न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, न्यूयॉर्क शहरात ८.८७५, आणि डेलावेअरमध्ये शून्य. पण तिथून आणलेल्या मालावर आपल्या राज्याचा यूज टॅक्स लागतो हे कागदोपत्री खरे आहे, आणि गॅस व टोल धरला तर छोट्या टीव्हीला ते परवडतही नाही.

भारतात न्यायचा विचार असेल तर आता तो सोडा. मुंबई-पुण्यात क्रोमा आहे, विजय सेल्स आहे, तिथली वॉरंटी तिथेच चालते, आणि विमानात टीव्हीचे खोके फुटते ते वेगळेच.

नवा टीव्ही घरी आला की जुना कुठे टाकायचा हा प्रश्न येतो. न्यू जर्सीत १ जानेवारी २०११ पासून टीव्ही आणि कॉम्प्युटर कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. बऱ्याच घरांच्या तळघरात अजून जुने काचेच्या नळीचे टीव्ही पडून आहेत. त्या नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा शिशाचा ऑक्साइड असतो. क्ष-किरण अडवण्यासाठी तो घातलेला असे. काच शाबूत आहे तोवर धोका नाही. फोडू नका, मुलांना जवळ खेळू देऊ नका. आपल्या काउंटीच्या संकलन केंद्राची तारीख फोन करून विचारून घ्या. ज्या ज्येष्ठ सभासदांना तो उचलणे जमणार नाही त्यांनी कार्यकारिणीला कळवावे. डिसेंबरमधल्या पहिल्या शनिवारी आम्ही दोन गाड्या काढणार आहोत, प्रत्येक गाडीत चार टीव्ही मावतील. व्हीसीआर असतील तर तेही द्या, पण आधी आत लग्नाची टेप अडकलेली नाही ना ते पाहून घ्या.